पाणी पिणारी गाडी

ती गाडी आमच्या दारात आली ती संत्र्याच्या पेट्यांबरोबर. काटोलचे बाबाराव स्वतः मेटाडोर घेऊन आले होते. मागं पेट्या, पेट्यांमध्ये भाताचं तणीस आणि तणसात दोरीनं जखडलेली एक लाल, उंच, हाडकुळी मोटारसायकल. तिला ना दिवा, ना हॉर्न, ना मागं कोणाला बसायला जागा. टायरवर बोटाएवढ्या गाठी. चौघांनी धरून ती खाली उतरवली तेव्हा माझे सासरे रामाजी ओसरीवर तंबाखू मळत बसले होते.

"कशाची गाडी व्हय हे?" त्यांनी तळहाताकडे पाहतच विचारलं.

"रेसची हाये, रामाजी. जपानी," बाबाराव म्हणाले. "मातीत पळते. पण पाणी पिते."

"जनावर हाये का पाणी प्यायले?"

"जनावर परवडलं. ते पाणी पिऊन एका जागी मुतते तरी. हे कोठून गळते तेच समजून नाही राहिलं."

नागपुरात सक्करदऱ्याच्या तळ्यामागं आमची विणकरांची ओळ होती. साल शहाऐंशी. आमच्या घरानंतर दोन घरं आणि मग तुरीची वावरं लागत. आता तिथं माणसाला उभं राहायला जागा नाही, पण तेव्हा ओसरीत बसलं की थेट तळ्याच्या पाळीपर्यंत दिसायचं. घरात दोन खड्डामाग होते. एकावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, बसत. दुसरा माझ्या यजमानांचा, शालिकरामचा. त्यांचं नाव मी जन्मात एकदाच, उखाण्यात घेतलं होतं. आता या वयात लिहायला काय हरकत आहे. तर त्यांनी आपला माग कधीच सोडून दिला होता. महाल भागातल्या एका उस्तादाकडे चार वर्षं राबून ते गाड्यांचं काम शिकले, आणि मग घरातला आपला माग उकलून भिंतीला टेकवला. त्याचा खड्डा मात्र त्यांनी बुजवला नाही. जिथं पाय सोडून बापानं त्यांना आडव्या सुताचा धोटा फेकायला शिकवलं, त्याच खड्ड्यात उभं राहून ते वर ठेवलेल्या राजदूत न् जावा गाड्यांची पोटं उघडत. मामाजी पलीकडच्या मागावर बसून हे पाहत. बोलत नसत. ऑइलचा वास आला की तेवढं नाकाला धोतराचं टोक लावत.

त्या वर्षी संक्रांतीनंतर विणकर सोसायटीचं सूत येणं थांबलं. मामाजींच्या मागावर उभ्या सुताचा शेवटचा ताणा चढलेला होता. तो ते पुरवून पुरवून विणत होते, म्हाताऱ्या माणसानं भाकरी चघळावी तसा. माझ्या नणंदेचे यजमान गणपतराव भिवंडीला पॉवरलूमवर होते. त्यांचा निरोप आला होता की होळीच्या आधी येतो आणि शालिकरामला सोबत नेतो, जागा धरून ठेवली आहे. एकट्यानंच जायचं. एका खोलीत दहा माणसं पाळीपाळीनं झोपणारी. तिथं बायको कुठं नेणार.

बाबारावांची गाडी उतरली त्या संध्याकाळी मामाजींनी जेवताना निकाल दिला.

"हे गाडी चालली तं दुकान टाक," ते ताटाकडे पाहत म्हणाले. "नाही चालली तं गणपतरावासंगं जाय. मंग मी काही म्हणणार नाही न् तूही काही म्हणू नको."

"चालन," शालिकराम म्हणाले.

मी दाराआड भाकरी थापत होते. माझा हात तव्यावरच थांबला आणि बोट भाजलं.

पाण्याची गाडी नागपुरात कोणाला ठाऊक नव्हती. आपल्या गाड्यांची इंजिनं वाऱ्यानं थंड होतात. हिच्या इंजिनाभोवती पाणी खेळवलेलं, पुढं एक छोटं रेडिएटर, एक छोटा पंप ते पाणी फिरवणारा. परत मायदेशी जाणाऱ्या एका जपानी इंजिनिअरकडून बाबारावांनी ती हौसेनं घेतली होती. ती बिघडली, दोन ठिकाणी उघडली, जोडली आणि गळतच राहिली. होळीच्या आधीच्या रविवारी काटोल रोडला मातीतली रेस होती. बाबारावांनी साऱ्या तालुक्यात आपण उतरणार म्हणून सांगून ठेवलं होतं.

"माह्यी इज्जत तुह्या खड्ड्यात ठेवून चाललो गा, शालिकराम," ते जाताना म्हणाले आणि मला पोरांसाठी म्हणून पदरभर संत्री देऊन गेले. आम्हाला पोरं नव्हती. ती संत्री मामीजींनी, म्हणजे माझ्या सासूनं, शेजारी वाटली.

दुसऱ्या दिवशी इंजिन उघडलं. खालच्या ऑइलचा बोल्ट काढला तर परातीत ताक उतरलं. अगदी ताक. पांढरट, फेसाळ.

"पाहिलं का," शालिकराम मला म्हणाले, "पंपाचं सील गेलं. पाणी ऑइलात जाऊन राहिलं."

"मंग सापडलं नं?"

"एक सापडलं. एवढ्यानं भागत नाही. सायलेन्सरातून पांढरा धूर येत होता. म्हंजे पाणी आणखीन कोठून तरी आतमध्ये जाऊन जळते."

सील मोमिनपुऱ्यातल्या भंगारात दुसऱ्याच कोणत्या तरी मशिनीचं मिळालं; घासून बसवलं. मग सिलिंडरवरचं झाकण, हेड, पाहिलं. वरून दिसायला चांगलं, पण पट्टी आडवी ठेवली की खालून उजेड दिसायचा. ताव खाऊन वाकलं होतं. ते सपाट करायला सपाट जागा हवी, आणि आमच्या घरात सपाट असं काहीच नव्हतं. जमीन शेणाची, पाट वाकडा, पाट्याला खाचा. शालिकराम घरभर फिरले आणि भिंतीवरच्या आमच्या लग्नाच्या फोटोसमोर थांबले.

"काच," ते म्हणाले.

"आगी लागो तुह्या धंद्याले," मामीजी म्हणाल्या. "लग्नाचा फोटो उघडा करतं का रे?"

मीच स्टुलावर चढून फोटो उतरवला. त्यांना वाईट वाटायच्या आत मला ते उरकायचं होतं. काच निघाली. तिच्यावर बारीक पॉलिश पेपर पाणी लावून चिकटवला आणि शालिकराम त्यावर हेड फिरवत बसले. आठाच्या आकड्यासारखं, हलक्या हातानं, पुसायचं, पाहायचं, पुन्हा फिरवायचं. त्यांच्या खांद्याच्या शिरा दोरीसारख्या उभ्या राहिल्या. दुपार कलली तेव्हा साऱ्या हेडावर सारखा करडा रंग चढला होता. फोटोतली मी तेवढा वेळ उघड्या तोंडानं त्यांच्याकडे पाहत होते. मुंडावळ्यांवर धूळ बसली.

उरलं पॅकिंग. सिलिंडर खाली जिथं टेकतो तिथलं कागदी पॅकिंग फाटलेलं होतं, आणि तसलं इथं मिळणारं नव्हतं. जाड ऑइल पेपर आणून ते कापायला बसले. मधे मोठं भोक, बाजूला बोल्टांची, आणि एक चिंचोक्याएवढं वाकडं भोक पाण्याच्या वाटेचं. त्याची कड जरा इकडंतिकडं झाली की काम बिघडलं. पाने-पक्कड धरणारी ती बोटं. पहिला कागद फाटला. दुसऱ्याची कड दातेरी आली.

पलीकडचा धोटा थांबला. मामाजी खड्ड्यातून पाय काढून उठले आणि मुलाच्या हातातला कागद त्यांनी उजेडात धरला.

"भोकं कापले का कुत्र्यानं चावले?"

शालिकरामनी तिसरा कागद उचलला.

"आण ते इकडे."

त्यांनी आपली सूत कापायची पातळ सुरी आणली. दगडावर दोनदा लावली. जुनं पॅकिंग नव्या कागदावर ठेवलं, वर अंगठा दाबला आणि सुरी न हलवता कागदच फिरवत नेला. साठीतला हात, पण जरासुद्धा थरथर नाही. लुगड्याच्या काठाची नक्षी जन्मभर ज्यानं धाग्याधाग्यानं मोजली त्याला एक वाकडं भोक काय. कागदाची नखासारखी चकती गळून खाली पडली.

मी मामीजींकडे पाहिलं, मामीजींनी माझ्याकडे. ऑइलचा वास आला की नाक झाकणारा माणूस इंजिनाचं पॅकिंग कापत होता.

"संध्याकाळी देतो," ते म्हणाले. "कड साफ करून."

संध्याकाळी त्यांनी ते आतून आणून दिलं आणि तळ्याकडे निघून गेले.

इंजिन जोडलं. रेडिएटरच्या तोंडाला रबरी बूच बसवलं, बुचात सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, आणि सायकलच्या पंपानं हवा भरली. मी निरम्याचा फेस करून जोडाजोडाला लावला. कुठं बुडबुडा येतो का पाहायचं. एका नळीच्या क्लिपपाशी आला, ती आवळली. मग कुठंच नाही. तासानंतर बूच काढलं तेव्हा हवा फस्सकन बाहेर आली, जशी भरली होती तशी.

"धरलं," शालिकराम म्हणाले. एवढंच. पण त्यांनी हात धुतले ते कोपरापर्यंत, नवरदेवासारखे.

तळ्याचं पाणी आटून काठची जमीन उघडी पडली होती. तिथं गाडी चालवून पाहायचं ठरलं. बाबाराव आले, पायात गमबूट, डोक्यावर हेल्मेट. साऱ्या वस्तीतली माणसं पाळीवर जमली. किक मारली तसा जो आवाज फुटला त्यानं नत्थूजींची म्हैस दावं तोडून पळाली. नत्थूजी आमचे शेजारी, तोंडाचे तिखट.

गाडी एक फेरी गेली, दुसरी गेली. धूळ आभाळाला. शालिकराम हाताची घडी घालून उभे होते. तिसऱ्या फेरीला मागून धूर पांढरा झाला. आधी बारीक रेघ, मग लोट. गाडी खोकली, अडखळली आणि पाळीपाशी येऊन थांबली. इंजिनाखालून पाण्याची धार लागली होती.

शालिकराम धावले आणि गडबडीत रेडिएटरचं झाकण फिरवलं. वाफ उसळली. त्यांचा हात मनगटापासून कोपरापर्यंत लाल झाला. ते ओरडले नाहीत. हात झटकून नुसते खाली बसले.

"पाणी पिते म्हणे," नत्थूजी म्हणाले. "मले तं पाजून राहिली वाटते. आणा रे कोणी बालटी, झाडाले तरी टाकू."

लोक हसले. बाबाराव हसले नाहीत. ते वाईट होतं.

"रविवारी सकाळी मेटाडोर घेऊन येतो," ते म्हणाले. "चालली तं रेसले नेईन. नाही तं तशीच काटोलले. कोंबड्या बसतीन तिच्यावर."

गाडी ढकलत घरी आणली. रस्ता चढाचा. वस्तीतला एकही हात लागला नाही. मी पदर खोचून मागून ढकललं. मी असं बाहेर, चारचौघांत ढकलते आहे हे मामाजींनी पाहिलं आणि मान वळवली. घरात शिरताच ते मागावर जाऊन बसले, पण धोट्याचा आवाज आला नाही.

मी कोरफड चिरून त्यांच्या हाताला गर लावला. एका हातानं त्यांनी पुन्हा हेड काढलं. कोरडं. पंपाचं झाकण काढलं. कोरडं. ऑइल काळं, चांगलं, ताक नाही. पुन्हा जोडून गार इंजिनात हवा भरली, फेस लावला. बुडबुडा नाही. हवा जशीच्या तशी.

"भूत हाये," ते म्हणाले. "उभी राहिली की धरते, पळाली की सोडते."

"सिलिंडराखाली?"

"थे पॅकिंग बाबानं कापलं. त्यात खोट नाही. मी सत्तर पॅकिंगं कापले तं असं एक नाही कापू शकत."

मामीजी आतून ट्रंक काढून शालिकरामचे कपडे घडी करत होत्या. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. घडी करायच्या, पुन्हा उकलायच्या, पुन्हा करायच्या.

गाडीखाली परात ठेवली होती. ढकलत आणताना राहिलेलं पाणी तिच्यात ठिबकून साठलं होतं. सकाळी मी ते फेकायला नेलं. परात कलंडवली, हात लावून धुवायला गेले, तर बोटं घसरली. ऑइलासारखी नाही. ऑइल चिकटतं आणि काळं होतं. हे गुळगुळीत होतं, पांढरट, बोटांमध्ये बुळबुळणारं. मी बोटं नाकाशी नेली. आंबूस, पेजेसारखा वास.

हे पाणी माझ्या हाताच्या ओळखीचं होतं. विणकराच्या घरात दिलेल्या बाईला ते ओळखू येणार नाही तर कोणाला. ताणा मागावर चढवायच्या आधी आम्ही त्याला पिठाची खळ लावतो, म्हणजे धागा ताठ होतो, तुटत नाही. मागावरून उतरलेलं कोरं लुगडं म्हणूनच पापडासारखं कडक असतं. ते गार पाण्यात बुडवलं तर तसंच राहतं. कढत पाण्यात बुडवलं की खळ सुटते, लुगडं मऊ पडतं आणि पाणी असं होतं. गार झालं की उरलेली खळ पुन्हा घट्ट धरते.

आमच्या घरात काहीही फाटलं, निखळलं, हललं की त्याला खळ लावायची सवय होती. सुपाला, पतंगाला, कॅलेंडरला, खिडकीच्या कागदाला.

मी परात तशीच घेऊन आत गेले. "चुलीवर पाणी ठेवते," मी शालिकरामना म्हटलं. "तुम्ही हवा गार मशिनीत भरून राहिले. कढत पाणी टाकून भरा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग परातीकडे.  गंज म्हणजे मोठं पातेलं भरून पाणी कढवलं, रेडिएटरमध्ये ओतलं, थोड्या वेळानं काढून पुन्हा कढत ओतलं. इंजिनाला हात लावता येईना इतकं तापलं. मग हवा भरली. मी फेस लावला. सिलिंडर खाली टेकतो तिथं, मागच्या अंगाला, आधी एक बुडबुडा आला, मग माळच लागली, बेडकाच्या अंड्यांसारखी.

शालिकराम खड्ड्याच्या काठावर बसले. ते हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला.

"बाबानं लावली खळ," ते म्हणाले. "हलू नये म्हून लावली असन."

"हो."

"आता सांगू कसा? आयुष्यात पहिल्यांदा हात लावला त्यानं माह्या कामाले. मी गुपचूप दुसरं कापतो."

"तुमच्यानं कापलं जाईन का?"

त्यांचा भाजलेला हात मांडीवर उताणा पडला होता.

"न् कापलं तरी त्याईले समजनच," मी म्हटलं. "मंग ते पुन्हा हात लावणार नाहीत. कशालेच."

मामीजी बाजाराला गेल्या होत्या. आणि हीच अडचण होती. आठ वर्षांत मी मामाजींशी एक शब्द समोरासमोर बोलले नव्हते. आमच्यात तशीच रीत. जेवायला वाढलं की मी मामीजींना म्हणायची, "मामीजी, मामाजींना सांगा पान वाढलं." मामाजी पाच हातांवर बसलेले असत, त्यांना ऐकू गेलेलं असे, तरी मामीजी सांगत आणि मगच ते उठत. त्यांनाही मला काही सांगायचं झालं तर ते मामीजींना किंवा भिंतीला सांगत.

मी पदर डोक्यावरून पुढं ओढला आणि मागापाशी जाऊन उभी राहिले. ते धोटा हातात धरून नुसते बसले होते. शेवटचा ताणा, वीतभर उरलेला.

"मामाजी," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. पण धोटा खाली ठेवला.

"कोरं लुगडं कढत पाण्यात टाकलं तं खळ राहते का जाते?"

त्यांनी ताण्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं बोलणारच नाहीत. माझ्या पायाखालची शेणाची जमीन मी अंगठ्यानं टोकरत होते.

"जाते," ते म्हणाले. भिंतीला नाही, मला.

मग त्यांनी गाडीकडे पाहिलं. गंजाकडे, त्यातून निघणाऱ्या वाफेकडे पाहिलं.

"त्या मशिनीतलं पाणी कढते का?"

"कढते, मामाजी."

ते खड्ड्यातून वर आले. गुडघे कटकट वाजले. कोनाड्यातून सुरी काढली, दगडावर लावली. शालिकरामजवळ जाऊन त्यांनी हात पुढं केला.

"कागद आण. खोल थे. पाहू दे मले आतमध्ये कसं हाये."

त्या दिवशी बापलेक एका खड्ड्यात उतरले. सिलिंडर उचलला तर पॅकिंग निम्मं भिजून लापशी झालं होतं. मामाजींनी ते बोटांवर घेतलं, चोळलं, आणि धोतराला पुसलं. आपल्या पांढऱ्या धोतराला.

"हे कोरडं बसवायचं?" त्यांनी विचारलं.

"ग्रीसचा नुसता हात फिरवायचा, बाबा. बाकी आवळण्यावर."

"ताण सारखा पाह्यजे म्हंजे."

"हो. इकडचा एक, तिकडचा एक."

"थे मले समजते."

बोल्ट शालिकरामनी आवळले, पण प्रत्येक वेळी मामाजी म्हणत, "आता समोरचा. थोडा. पुरे." ताण्याचा ताण पाहावा तसं ते पाहत. मग पुन्हा कढत पाणी, पुन्हा हवा, पुन्हा फेस. मी तीन गंज पाणी कढवलं. फेस जोडावर बसून राहिला आणि वाळून पांढरी पापडी झाला. बुडबुडा नाही. मामाजी उकिडवे बसून ती पापडी पाहत होते, जशी मांजर बिळाकडे पाहते.

रविवारी सकाळी बाबाराव आणि गणपतराव एकदमच आले. एक मेटाडोरमधून, एक पिशवी घेऊन रिक्षातून. गणपतराव म्हणाले, "संध्याकाळच्या गाडीचं तिकीट हाये गा, शालिकराम. कपडे बांधले का?"

"बांधले हायेत," मामाजी म्हणाले. "सोडायले येईन का, ते संध्याकाळी सांगतो. चला, बसा मेटाडोरात."

आम्ही सगळेच बसलो. मी आणि मामीजी तणसावर, गाडीला धरून.

काटोल रोडला एका पडीत वावरात चुन्याच्या रेघा मारल्या होत्या. दोन मोठे चढ, एक नाला, वळणं. लोकांची जत्रा. उतरलेल्या गाड्या बहुतेक आपल्याच, पत्रे काढलेल्या, सायलेन्सर कापलेल्या. ऊन असं की मेटाडोरच्या पत्र्याला हात लागेना. मी पाणी ओतलं, शालिकरामनी झाकण बसवलं, फडक्यानं पुसलं. बाबारावांनी हेल्मेटातून विचारलं, "काय म्हणतं, शालिकराम?"

"पळवा," ते म्हणाले.

झेंडा पडला आणि धुळीत सगळं बुडालं. पहिल्या फेरीत बाबाराव मधेच कुठं तरी होते. दुसऱ्यात नाल्यापाशी पडले. साऱ्या वावरातून 'गेलं गेलं' असा आवाज उठला. ते उठले, गाडी उचलली, किक मारली. मामीजींनी माझा हात इतका दाबला की बांगडी पिचली.

आणि मग ऊन कामाला लागलं. आपल्या गाड्या तापल्या. एक चढावर दमली, तिचा स्वार उतरून तिला हातानं ढकलू लागला. दुसरीचं इंजिन जाम होऊन बंद पडलं. पुढच्यांचे आवाज जड झाले, सर्दी झाल्यासारखे. आमच्या गाडीचा आवाज होता तसाच राहिला, कापड फाडल्यासारखा सरळ. मी धूर पाहत होते. निळा, बारीक. पांढरा नाही. पुढच्या फेरीला निळा. त्याच्या पुढच्याला निळाच. शालिकराम माझ्या शेजारी उभे राहून नुसते ओठ हलवत होते. मी ऐकलं तर ते मोजत नव्हते, देवाचं नावही घेत नव्हते. ते म्हणत होते, "इकडचा एक, तिकडचा एक."

शेवटच्या चढावर दोनच गाड्या उरल्या होत्या. पुढच्या गाडीनं आचका दिला. बाबाराव तिच्या बाजूनं उडाले, खरंच उडाले, दोन्ही चाकं हवेत, आणि चुन्याच्या रेघेपलीकडे उतरले.

नंतरचा गोंधळ मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. बाबारावांना लोकांनी खांद्यावर घेतलं. मातीनं त्यांच्या फक्त डोळ्यांच्या जागा उरल्या होत्या. ते शालिकरामच्या नावानं ओरडत होते आणि शालिकरामना कोणीतरी गुलाल लावला, होळीच्या आधीच. नत्थूजीही आले होते, कुठून कसे कोण जाणे. ते साऱ्यांना सांगत होते, "आमच्या वस्तीतला हाये. माह्या बाजूचं घर."

गणपतरावांनी पिशवी तणसावर ठेवली आणि एक संत्रं सोलायला घेतलं. "मंग तिकीट वाया गेलं म्हणायचं," ते मामीजींना म्हणाले.

मामाजी मात्र खांद्यांच्या गर्दीत गेले नाहीत. ते सरळ गाडीपाशी गेले आणि तिच्यापुढं उकिडवे बसले. बाबाराव धावत आले, झाकणाला हात घालणार, तर मामाजींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. पोराचा हात भाजला हाये अशानंच. थंड होऊ द्या."

"जिंकलो नं, रामाजी. आता काय पाहता?"

"तुम्ही जिंकले. मले माह्यं पाहायचं हाये."

आणि ते बसून राहिले. उन्हात, डोक्यावर धोतराचा सोगा घेऊन. बक्षीस दिलं गेलं, भाषण झालं, लोक पांगले. ते हलले नाहीत. अधूनमधून इंजिनाखाली हात फिरवायचे, तळहात पाहायचे. कोरडा. शालिकराम येऊन त्यांच्या बाजूला बसले. दोघांच्याही पाठी घामानं भिजलेल्या, दोघांचेही हात ऑइलानं काळे.

शेवटी मामाजींनी झाकणावर धोतराचं टोक धरून ते हळूच फिरवलं. वाकून आत पाहिलं. मग बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं. पुन्हा घासलं. स्वच्छ पाणी.

त्यांनी मागं वळून पाहिलं. मामीजी माझ्या शेजारीच उभ्या होत्या, सांगण्यासाठी तयार. पण ते त्यांच्याशी बोलले नाहीत.

"सूनबाई," ते म्हणाले, "सकाळी किती पाणी टाकलं होतं?"

"काठोकाठ, मामाजी."

"काठोकाठच हाये," ते म्हणाले.